श्वासाची वाट आणि त्रिमितीय मुद्रण

मौंजीनंतर संध्या शिकवितांना वडील मंडळी पूरक, कुंभक आणि रेचक हे तीन शब्द आमच्याकडून घोकून घेत. तेच शब्द उतारवयांत दम्याच्या औषधाच्या निमित्तानें पुन्हा उपयोगीं पडतील, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

आमच्या कुटुंबास दम्याचा विकार जुना आहे. फवाऱ्याचें औषध नेमानें चालू असतांहि रात्रीं उठून बसण्याचा प्रसंग टळत नसे. "तूं पथ्य पाळीत नाहींस," असा बोल आम्हीं पुष्कळदां लावला. त्यावर उत्तर ठरलेलें असे, "अहो, औषध घशांतच राहतें, खालीं उतरतच नाहीं." ही आम्हांस सबब वाटे. अखेर एका डॉक्टरांनीं तिला समोर बसवून फवारा घ्यावयास लावला, आणि तिचें म्हणणें अक्षरशः खरें असल्याचें दिसून आलें. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती मिळवूं लागलों. तिचें सार येथें देत आहों.

औषधाचे कण मायक्रॉनांत मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तोंडांतून श्वासनलिकेकडे जातांना वाट जवळजवळ काटकोनांत वळते. भरधाव टांगा अरुंद वळणावर भिंतीस धडकावा, तद्वत् ५ मायक्रॉनांहून मोठे कण बहुतांशीं घशावर आदळून तेथेंच चिकटतात. १ ते ५ मायक्रॉनांचे कण खोलवर पोंचतात; त्याहून बारीक कणांपैकीं पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर परत येतात. पुढें श्वासनलिकेस दोन फांद्या, प्रत्येकीस पुन्हा दोन, असे सुमारें २३ वेळां फांटे फुटतात, हें एवाल्ड वायबेल यांनीं १९६३ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें.

औषध तपासण्यासाठीं प्रयोगशाळांत घशाच्या जागीं काटकोनांत वळलेली धातूची नळी लावण्याची रूढि आहे. परंतु मनुष्याचा घसा म्हणजे कांहीं नळाचें कोपर नव्हे. येथें त्रिमितीय मुद्रण साहाय्यास आलें. चार्ल्स हल यांनीं १९८४ सालीं त्याच्या एका पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. प्रकाशानें घट्ट होणाऱ्या द्रवाचे थरावर थर चढवून वस्तु घडवावयाची, अशी ती पद्धति. सी.टी. स्कॅनच्या चित्रांवरून घशाची व श्वासनलिकेची आकृति संगणकांत उभी करितात, आणि मुद्रणयंत्र तिची पोकळ प्रतिकृति बनवितें. तींतून पंपानें श्वासासारखी हवा ओढून औषध सोडावयाचें; मग भाग सुटे करून धुवावयाचे आणि कोठें किती औषध अडकलें तें मोजावयाचें. अमेरिकेंतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठांत वर्थ लाँगेस्ट यांनीं व कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत वॉरेन फिन्ले यांनीं घशाच्या प्रतिकृतींवर पुष्कळ काम केलें आहे.

याचा मोठा लाभ बालकांस आहे. जिवंत शरीरांत औषध कोठें बसलें हें पाहण्यास सामान्यतः त्यांत किरणोत्सर्गी द्रव्य मिसळावें लागतें. लहान मुलांवर असा प्रयोग करण्यास मन कचरतें. मोठ्यांच्या घशाचें मापहि मुलांस लागू पडत नाहीं. प्रतिकृति मात्र हव्या त्या वयाची करतां येते, आणि कणांचा आकार वा फवाऱ्याची रचना तिच्यावर शंभरदां बदलून पाहतां येते. तथापि ती जड वस्तु आहे. तिला खोकला येत नाहीं, तिच्यांत कफ दाटत नाहीं. श्वासनलिकेचे अतिसूक्ष्म फांटेहि तींत सहसा उतरत नाहींत. म्हणून अखेरचा कौल रोग्याच्या अनुभवाचाच.

दरम्यान घरीं करण्यासारखें पुष्कळ आहे. दाबाच्या फवाऱ्यापूर्वीं पूर्ण रेचक, फवारा दाबतांना सावकाश पूरक, मग सुमारें १० सेकंद कुंभक. कोरड्या भुकटीच्या यंत्रास मात्र जोराचा पूरक लागतो. औषध स्टेरॉइडचें असल्यास नंतर चूळ भरावी. फवारा व तोंड यांमध्यें स्पेसर नांवाचें पोकळ नळकांडें लावल्यास मोठे कण बहुतेक त्यांतच राहतात. आणि आपली रीत डॉक्टरांस एकदां प्रत्यक्ष करून दाखवावी.

आमच्या घरीं तें नळकांडें आल्यापासून रात्रींचें उठणें पुष्कळ कमी झालें आहे. पथ्यावरून लावलेला बोलहि आम्हीं परत घेतला आहे.