हिरॉईनला नेमकं झालंय काय?

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये प्रेम आणि आजारपण असलेला पिक्चर लागला की एक गोष्ट हमखास घडते. इंटरव्हलपर्यंत शिट्ट्या मारणारी पोरं शेवटच्या अर्ध्या तासात गप्प होतात आणि डोळ्यात काहीतरी गेल्याची तक्रार करतात. मीही त्यातलाच. पण मेकॅनिकलवाल्याला एखादं यंत्र चालताना दिसलं की ते उघडून बघायची खोड असते. म्हणून म्हटलं, बघूया हा पिक्चर चालतो कसा, आणि त्यातला आजार खरा असतो का.

पडद्यावरच्या आजाराला काही अटी पाळाव्या लागतात. चेहरा बिघडता कामा नये, उलट्या-जुलाब नकोत, गाणं म्हणण्याइतका दम उरला पाहिजे. आणि मुदत ठरलेली हवी. ही अट सर्वांत महत्त्वाची. सबमिशनची तारीख लागल्याशिवाय आपण जर्नल उघडत नाही, तसं डॉक्टरांनी 'फार दिवस नाहीत' म्हटल्याशिवाय हिरो मनातलं बोलत नाही.

हृषिकेश मुखर्जींचा 'मिली' (१९७५) घ्या. जया भादुरीला त्यात पर्निशस अॅनिमिया असतो. हा आजार काय, ते मी मुद्दाम वाचून काढलं. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व शोषून घ्यायला जठरात एक प्रथिन तयार व्हावं लागतं. ते तयार झालं नाही, तर कितीही खा, बी-१२ अंगी लागत नाही आणि तांबड्या पेशी नीट बनत नाहीत. 'पर्निशस' म्हणजे घातक, आणि नाव पडलं तेव्हा ते खरंच होतं. पण १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णांना रोज भरपूर लिव्हर खायला घालून ते सुधारतात हे दाखवलं. १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासोबत नोबेल मिळालं आणि १९४८ साली बी-१२ वेगळं काढण्यात यशही आलं. म्हणजे पिक्चर आला त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीपासून या आजारावर साधं इंजेक्शन होतं. ते आयुष्यभर घ्यावं लागतं, एवढंच. पिक्चरच्या शेवटी मिली उपचारांसाठी विमानाने परदेशी जाते. अहो, विमान कशाला, भोरची एसटी पुरली असती!

तरी 'मिली' मला आवडतोच, हे सांगून ठेवतो. सचिन-रंजिताच्या 'अँखियों के झरोखों से'मध्ये (१९७८) ल्युकेमिया आहे. तो आजार तेव्हा खरंच भयंकर होता. आज त्याच्या काही प्रकारांत रुग्ण पूर्ण बरा होतो, तर एका प्रकारावर २००१ पासून गोळी आहे.

मराठीत मात्र आजार लेखकाला निवडावा लागला नाही, इतिहासानेच हातात दिला. मृणाल कुलकर्णींच्या 'रमा माधव'मधले (२०१४) माधवराव पेशवे क्षयाने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले. वय अवघं २७. रमाबाई सती गेल्या. 'आनंदी गोपाळ'मधल्या (२०१९) आनंदीबाई तर स्वतः डॉक्टर, आणि त्याही क्षयानेच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच शोधला होता, पण त्यावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. कारण कळलं आणि औषध नाही, अशा मधल्या साठ वर्षांत त्या सापडल्या. हे वाचल्यावर तो शेवट मला जास्त लागला.

अशी गोष्ट आपल्या परिसरातही घडलेली आहे. राजगडावर आपण दर पावसाळ्यात जातो. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पाली दरवाजाच्या वाटेला लागण्याआधी पायथ्याच्या पाल खुर्दला सईबाईंची समाधी आहे. १६४० साली शिवाजी महाराजांशी लग्न झालं, १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले आणि ५ सप्टेंबर १६५९ रोजी दीर्घ आजारानंतर सईबाई राजगडावर गेल्या. पिक्चरवाला इथे हातात हात देऊन एक गाणं टाकेल. पण तेव्हा अफझलखान स्वराज्यावर चालून येत होता. प्रतापगडाची भेट त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला झाली. दु:ख करत बसायलाही फुरसत नव्हती.

आणि बाळाचं काय? आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे पाटील यांना दूधआई म्हणून आणलं होतं. पुण्याहून येताना सातारा रस्त्यावर आपण कापूरहोळला चहाला थांबतो, तेच गाव. आजारपण असतं ते हे. बाळाला कोण घेणार, रात्री कोण जागणार, भाकरी कोण करणार. पिक्चरमध्ये फक्त दोघं असतात आणि मागे व्हायोलिन.

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एकाला टीबी निघाला. पठ्ठ्याने महिनाभर खोकला लपवला. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, हे कळत असूनही. त्याला भीती आजाराची नव्हती, 'लोक काय म्हणतील' याची होती. त्यात एक मुलगी होती. तिला त्याने 'मला विसर' असा मेसेज टाकला, कारण सांगितलं नाही. अगदी पिक्चरसारखं! तिने आमच्याकडून खरं काढून घेतलं आणि त्याला फोन करून पहिला प्रश्न विचारला, "आजची गोळी घेतलीस का?"

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट मिळाली. सुरुवातीचे काही आठवडे तो घरी राहिला. औषध लागू पडलं की लागण होण्याचा धोका बहुतेकांत लवकर कमी होतो. कोर्स मात्र सहा महिन्यांचा असतो आणि पहिल्या दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नसतो, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तो परत आल्यावर मेसच्या मावशी रोज त्याच्या ताटात न विचारता एक अंडं जास्त ठेवायच्या. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, तर म्हणाल्या, "तू पण खोक, तुला पण देते."

कोर्स संपला, रिपोर्ट चांगला आला आणि सेमही निघाली. त्या दोघांचं पुढे काय झालं, ते विचारू नका. छापायची परवानगी नाही.