ताटली परत करायची राहिली आहे

नाताळची सुट्टी संपली आणि शाळेची घंटा पुन्हा वाजू लागली. वाड्यावरच्या घरांपुढे कागदी नक्षत्रे अजून टांगलेली आहेत, पण त्यांतले दिवे आता कोणी लावत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही वर्गात विचारले, ‘‘नाताळ संपला का?’’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘हो!’’ मग आम्ही विचारले, ‘‘शेजारून आलेली ताटली परत केलीत का?’’ तेव्हा निम्मा वर्ग गप्प बसला. त्या गप्प बसण्यावरूनच हा लेख लिहावासा वाटला.

नाताळात माणसे एकमेकांशी जरा जास्त प्रेमाने वागतात. सणाच्या दिवसांत हे सोपे असते. सगळ्यांना सुट्टी असते, घरात माणसे असतात, हाताशी गोडधोड असते. सुट्टी संपली की प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे होते आणि तो जिव्हाळाही नक्षत्रासारखा उतरवून माळ्यावर जातो. तो टिकवायचा कसा?

चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही छोटी कादंबरी १८४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला स्क्रूज हा कंजूष म्हातारा एका रात्रीत बदलतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. तो नाताळच्या दिवशी आपल्या कारकुनाच्या घरी मोठी टर्की पाठवतो, हेही आठवते. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, तो कारकून कामावर उशिरा येतो. आदल्या वर्षीचा स्क्रूज त्याच्यावर कडाडला असता. हा स्क्रूज रागावल्याचे क्षणभर नाटक करतो आणि त्याचा पगार वाढवतो. सणाची खरी परीक्षा सणाच्या दुसऱ्या दिवशी असते, हे डिकन्सने नेमके ओळखले होते.

आपल्या गोव्यात ही परीक्षा एका ताटलीत ठेवलेली आहे. नाताळला ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी गोडाचे ताट जाते. त्याला ‘कोन्सुआद’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज. पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला ‘कोन्सुआदा’ म्हणतात. गोव्यात मात्र त्याचा अर्थ उंबरठा ओलांडून शेजाऱ्याच्या घरी गेला. ताटात दोदोल असतो, बेबिंक असते, नेवऱ्या असतात. आमच्या शेजारच्या बाई आम्हांला अंडे चालत नाही हे लक्षात ठेवून बेबिंकऐवजी दोदोलाच्या दोन वड्या जास्त घालतात. आणि नेवऱ्या तर आपल्याही घरी चवथीला होतातच. म्हणजे तोच पदार्थ चवथीला इकडून तिकडे जातो आणि नाताळला तिकडून इकडे येतो!

या रिवाजातली खरी खुबी पुढे आहे. आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, असे आपली आजी सांगते. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळे ताटली आली की आपल्यावर एक गोड ऋण राहते. ते फेडायला पुन्हा त्यांच्या दारी जावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात. जिव्हाळा नुसता मनात राहिला तर विरतो. त्याला निमित्त मिळाले की तो टिकतो.

दुसरी खुबी दिनदर्शिकेत आहे. ख्रिस्ती परंपरेत नाताळ एका दिवसात संपत नाही. २५ डिसेंबरपासून बारा दिवस तो चालतो आणि ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त येते. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावली येथे हे फेस्त थाटाने होते. कासावलीला तीन गावांतले तीन मुलगे राजे होतात, घोड्यावर बसून तीन वेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि वरच्या चॅपेलपाशी एकत्र येतात. बायबलमधले ते ज्ञानी लोक सोने, ऊद आणि गंधरस घेऊन दुरून आले. ते मेंढपाळांच्या मागून, उशिराच पोचले. तरी त्यांच्यासाठी वेगळा सण राखून ठेवला आहे. उशिरा येणाऱ्यालाही दार उघडे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्याला हे नवीन नाही. संक्रांत एका दिवसाची, पण तिळगूळ आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. कोणाकडे जायचे राहून गेले तर पुढचे दिवस मोकळे असतात. पूर्वजांनी सणाला ही शेपटी उगीच लावलेली नाही.

आता हे सारे सांगण्याचे कारण. आपल्या गावांत अशी पुष्कळ घरे आहेत, जिथली मुले आखातात, बोटीवर किंवा परदेशात नोकरीला आहेत. नाताळात ती येतात, अंगण भरून जाते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बॅगा भरल्या जातात आणि मागे म्हातारी दोन माणसे उरतात, कधी एकच. डिसेंबरात त्यांच्याकडे सगळेच जातात. जानेवारीच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी कोण जाते? त्या घराला नाताळची गरज खरे तर तेव्हाच जास्त असते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एक साधे काम सुचवतो. मोठे संकल्प नकोत. ते आठवडाभरात बारगळतात. घरातली ती ताटली शोधा. संक्रांत लांब नाही. आईला सांगून त्या ताटलीत तिळगूळ घाला आणि स्वतः नेऊन द्या. धाकट्या भावाच्या हाती पाठवू नका. गेल्यावर पाच मिनिटे बसा. आजींचा फोन बिघडला आहे का, औषध आणायचे आहे का, विचारा. मग महिन्यातला एक वार ठरवा आणि त्या वारी पुन्हा जा. वार ठरलेला असला की ‘आज कंटाळा आला’ म्हणता येत नाही, कारण पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते.

एक मात्र लक्षात ठेवा. ताटली परत द्याल तेव्हा त्या आजीही ती तुम्हांला रिकामी आणू देणार नाहीत. दुसऱ्या भांड्यात काहीतरी घालून देतीलच. म्हणजे पुन्हा त्यांचे भांडे तुमच्या घरी आले आणि पुन्हा तुमची जायची पाळी आली. हा हिशेब कधीही पुरता फिटू देऊ नका.