थंड डीझेल एंजिनाचा आरंभकालीन आवाज आणि वंगणतेलाची निवड

रात्रभर उघड्यावर उभा असलेला मालट्रक पहाटे सुरू केला असता पहिली काही मिनिटे त्याच्या एंजिनातून जो कठोर, हातोड्याने ठोकल्यासारखा आवाज येतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. एंजिन तापले म्हणजे तो ओसरतो. या अनुभवावरून चालक व कारागीर यांच्यात एक समजूत रूढ झालेली आढळते, ती अशी की, तेल पातळ असल्यामुळे आवाज येतो. सबब अधिक जाड तेल घातल्यास एंजिन शांत व दीर्घायुषी होईल. परंतु तेल सर्वांत जाड असते ते थंड एंजिनातच, आणि ते तापून पातळ होते तेव्हाच आवाज कमी होतो, एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली तरी या समजुतीचा पाया डळमळतो. आवाजाची कारणे वेगवेगळी आहेत. त्यांपैकी कोणत्या कारणाशी तेलाचा संबंध पोहोचतो हे प्रथम ठरविले पाहिजे.

पहिले कारण ज्वलनाचे होय. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, व त्यामुळे तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. फवारणीचा आरंभ व प्रत्यक्ष प्रज्वलन यांमध्ये थोडा काळ जातो. त्यास प्रज्वलन-विलंब म्हणतात. डीझेल ज्वलनाचे टप्पे पाडून या विलंबाचे महत्त्व स्पष्ट करण्याचे श्रेय इंग्रज अभियंता हॅरी रिकार्डो यांच्याकडे जाते. सिलिंडराच्या भिंती थंड असल्या म्हणजे दाबलेल्या हवेतील उष्णता त्या शोषून घेतात आणि विलंब वाढतो. या वाढीव काळात फवारलेले इंधन न जळता साठते व मग एकदम पेटते. दाब अतिशय वेगाने चढतो आणि त्या आघाताने एंजिनाचा सांगाडा कंप पावतो. डीझेलचा ठोका म्हणतात तो हाच. त्यावर उपाय इंधन व फवारणी यांच्या बाजूचे आहेत. इंधनाचा सीटेन अंक जितका जास्त तितका विलंब कमी. भारतातील भारत स्टेज ६ प्रमाणानुसार हा अंक किमान ५१ असावा लागतो; अमेरिकेतील सर्वसाधारण प्रमाण ४० इतकेच आहे. दुसरा उपाय म्हणजे मुख्य फवारणीपूर्वी इंधनाचा अल्पसा अंश फवारून तो आधी पेटविणे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेल पद्धतीमुळे हे सुकर झाले, आणि आधुनिक ट्रकांचा आवाज सौम्य होण्याचे एक प्रमुख कारण तेच आहे. वंगणतेल बदलल्याने मात्र या ठोक्यात जवळजवळ काहीही फरक पडत नाही.

दुसरे कारण यांत्रिक होय, आणि तेलाचा खरा संबंध येथे येतो. एंजिन बंद झाल्यावर तेल हळूहळू खालच्या तेलपात्रात उतरते. काही एंजिनांत झडपांची फट आपोआप राखणारे, तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात. त्यांतील तेलही गळून जाते. पुन्हा चालू केल्यावर पंपाने तेल वर पोहोचवीपर्यंत झडपयंत्रणेतून टिकटिक ऐकू येते. गाळणीतून तेल मागे फिरू नये म्हणून बसविलेली झडप निकामी झाली असल्यास हा काळ लांबतो. याशिवाय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दट्ट्या थंड असताना आकुंचित असतो व त्याची बाजू सिलिंडराच्या भिंतीवर आपटते; तो प्रसरण पावला की हा आवाज थांबतो.

तेल पोहोचेपर्यंतच्या या काळात केवळ आवाजच होतो असे नव्हे. बोशां टॉवर यांच्या १८८३ मधील प्रयोगांनंतर ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये वंगणाचा जो सिद्धांत मांडला, त्यानुसार दंड फिरू लागला म्हणजे तो स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून घेतो, व तेथे निर्माण होणाऱ्या दाबावर भार तोलला जातो. परंतु यासाठी दोन गोष्टी लागतात : पुरेसा वेग आणि फटीत हजर असलेले तेल. आरंभी वेग अल्प असतो. तेलही उशिरा पोहोचले, तर धारव्यात, म्हणजेच कारखान्याच्या भाषेतील बेअरिंगमध्ये, धातूला धातू घासते. एंजिनाच्या आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे घर्षण. थंड अवस्थेतील तेल जितके जाड तितके ते सावकाश चढते. म्हणून आवाज शमविण्यासाठी घातलेले जाड तेल ज्या अवयवांचे रक्षण करावयाचे त्यांनाच अधिक काळ कोरडे ठेवते.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ या दृष्टीने पाहावा. १५डब्ल्यू-४० या खुणेतील पहिला भाग थंड अवस्थेतील गुण दर्शवितो व दुसरा उष्ण अवस्थेतील. एसएई संस्थेच्या वर्गीकरणानुसार १५डब्ल्यू तेलाची एंजिन फिरविण्याच्या कसोटीतील श्यानता उणे २०° से. तापमानास ७,००० सेंटिपॉइजपेक्षा अधिक असता कामा नये. ५डब्ल्यू तेलासाठी ही मर्यादा उणे ३०° से. तापमानास ६,६०० सेंटिपॉइज आहे. ४० या अंकाचा अर्थ १००° से. तापमानास श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. तात्पर्य, ५डब्ल्यू-४० तेल तापल्यावर १५डब्ल्यू-४० च्याच वर्गातील असते. ते ‘पातळ’ आहे ते केवळ थंडीत. दख्खनच्या पठारावरील पहाटेस १५डब्ल्यू-४० सामान्यतः पुरेसे ठरते. लडाखमधील हिवाळ्यात पहिला अंक लहान असलेले तेलच हितावह होय.

या विवेचनाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील ७.३ लिटरच्या व्ही-८ एंजिनात सापडते. नॅव्हिस्टार कंपनीने बनविलेले हे एंजिन फोर्डच्या ट्रकांत १९९४ पासून २००३ पर्यंत बसविले जात असे. त्यात इंधन फवारण्याचे काम वंगणतेलाच्याच जोरावर होई. वेगळा उच्चदाब पंप तेलाचा दाब दर चौरस इंचास सुमारे ३,००० पौंडांपर्यंत नेई, आणि फवारकातील सातपट क्षेत्रफळाचा दट्ट्या तो वाढवून इंधनास सुमारे २१,००० पौंडांचा दाब देई. अर्थात तेल थंडीने घट्ट झाले की फवारकाची हालचाल मंदावे, फवारणी अनियमित होई आणि एंजिन खडखडत, अडखळत चाले. ज्वलनाच्या आवाजाशी तेलाचा संबंध नसतो या नियमास हा अपवाद खरा. पण येथेही उपाय थंडीत सहज वाहणारे तेल हाच होता. तेलात मिसळलेली हवा दाबली जात असल्याने त्याचा फेस होणेही घातक ठरे. म्हणूनच ट्रकांच्या तेलांची पात्रता ठरविताना तेलात किती हवा अडकते याची कसोटी अनेक वर्षे याच एंजिनावर घेतली जात असे.

जाडीइतकीच तेलाची रासायनिक प्रतही महत्त्वाची आहे. काजळीकण अडविणारी गाळणी धुराच्या मार्गात बसविलेल्या ट्रकांत तेल जळून उरणारी राख त्या गाळणीत साचते, व काजळीप्रमाणे ती जाळून टाकता येत नाही. म्हणून एपीआय संस्थेच्या सीजे-४ व डिसेंबर २०१६ पासून लागू झालेल्या सीके-४ या प्रतींत सल्फेटयुक्त राखेचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत मर्यादित केलेले आहे. त्याच वेळी आलेली एफए-४ ही प्रत उष्ण अवस्थेतही मुद्दाम पातळ ठेवलेली असून ती केवळ तिच्यासाठी आखलेल्या एंजिनांतच वापरावयाची आहे. एका प्रतीचे तेल दुसरीच्या जागी केवळ जाडी पाहून घालणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आवाजाचे निदान करावयाचे तर तो कसा आहे यापेक्षा किती वेळ टिकतो हे पाहणे अधिक उपयुक्त आहे. काही सेकंदांत थांबणारी टिकटिक तेल वर पोहोचण्यास लागणारा वेळ दर्शविते. ती लांबत गेल्यास तेलाची पातळी, गाळणी व थंड अवस्थेतील श्यानता तपासावी. काही मिनिटांत ओसरणारा कठोर ठोका ज्वलनाचा किंवा दट्ट्याचा असतो. तो वाढला असल्यास इंधन, फवारक व आरंभी हवा तापविणाऱ्या कांड्या पाहाव्यात. एंजिन तापल्यावरही कायम राहणारा, भारासरशी वाढणारा खोल ठोका मात्र झिजलेल्या धारव्याची सूचना असू शकते. अशा एंजिनात जाड तेल घातल्यास तो काही काळ दबतो, आणि यातच खरा धोका आहे. कारण झीज चालूच राहते व तिची वर्दी देणारी खूण तेवढी नाहीशी होते. तेल निवडावयाचे ते उत्पादकाने सांगितलेली प्रत आणि त्या प्रदेशातील सर्वांत थंड पहाट या दोन गोष्टी पाहून. कानाला शांत वाटावे म्हणून नव्हे.