संकेतस्थळाच्या थीममधील भाषांतर-फायलींची मांडणी

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर सूचना मराठीत, परंतु 'सर्च', 'रीड मोअर' ही बटणे इंग्रजीत, असे अनेकदा आढळते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या नाशिकमध्ये ही बाब गौण मानता येणार नाही. दूरस्थ विद्यार्थ्याचा संस्थेशी व्यवहार बहुतांशी पडद्यावरूनच होतो.

वर्डप्रेस ही प्रणाली भाषांतरासाठी 'गेटटेक्स्ट' पद्धती वापरते. थीममधील मूळ वाक्ये 'पीओटी' या नमुना-फाईलमध्ये गोळा होतात. भाषांतरकार त्यावरून 'पीओ' फाईल सिद्ध करतो आणि तिच्यापासून संगणकाने वाचावयाची 'एमओ' फाईल तयार होते. २०२४ मधील ६.५ या आवृत्तीपासून भाषांतराची पीएचपी स्वरूपातील फाईल उपलब्ध असल्यास तिला प्राधान्य मिळते. त्यामुळे ती जुनी राहिल्यास एमओमधील दुरुस्ती दिसत नाही.

खरा घोटाळा नाव व जागा यांत होतो. थीमच्या स्वतःच्या 'लँग्वेजेस' फोल्डरमध्ये फाईलचे नाव केवळ भाषेच्या खुणेचे, म्हणजे 'एमआर.एमओ' असावे लागते. वर्डप्रेसच्या सामाईक 'लँग्वेजेस/थीम्स' फोल्डरमध्ये मात्र खुणेपूर्वी थीमचे 'टेक्स्ट डोमेन' व जोडरेघ आवश्यक असते. हिंदीची खूण 'एचआय_आयएन' असल्याने मराठीसाठी 'एमआर_आयएन' लिहिण्याचा मोह होतो. अशी फाईल वाचली जात नाही आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही.

थीम अद्ययावत करताना तिचे संपूर्ण फोल्डर बदलले जाते व त्यात ठेवलेले भाषांतर नष्ट होते. महिनाभराचे श्रम एका क्लिकने जातात. सामाईक फोल्डर यातून वाचते. तथापि थीम अधिकृत संग्रहातील असेल, तर तिचा भाषासंच तेथेच त्याच नावाने उतरू शकतो. म्हणून मूळ पीओ फाईलची प्रत संकेतस्थळाबाहेर, दिनांकासह जतन करणे इष्ट.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजी वाक्यातील दिनांक व लेखक यांचा क्रम मराठीत बदलतो. त्यासाठी रिकाम्या जागांना क्रमांक देण्याची सोय आहे. सामान्यरूपाला मात्र तशी सोय नाही. रिकाम्या जागेपुढे 'तील' प्रत्यय ठेवल्यास 'शाळा' या विभागाचे 'शाळातील' होते, 'शाळेतील' नव्हे. यंत्राला हे शिकविण्यापेक्षा 'विभाग : शाळा' अशी रचना करणे शहाणपणाचे. वचनासाठी दोन रूपे द्यावी लागतात : 'एक पान', 'दोन पाने'. शून्यालाही अनेकवचनच लागते. 'पोस्ट' हा शब्द एका ठिकाणी नाम, दुसऱ्या ठिकाणी क्रियापद असतो. मूळ संहितेत संदर्भ नोंदविलेला असेल तरच 'नोंद' आणि 'प्रसिद्ध करा' ही दोन भाषांतरे स्वतंत्र ठेवता येतात.

शेवटी, प्रशासन विभागात संकेतस्थळाची भाषा 'मराठी' निवडणे विसरू नये. त्याशिवाय कोणतीही फाईल वाचली जाणार नाही. या निवडीमुळे, थीम नीट रचलेली असल्यास, पानावर मराठीची खूण उमटते आणि ज्या टंकांत दोन्ही वळणे उपलब्ध आहेत त्यांत 'ल' व 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने दिसतात.