श्वाननिद्रेची कैफियत

विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांची गणना करणाऱ्या सुप्रसिद्ध सुभाषितात श्वानाच्या निद्रेला मानाचे स्थान मिळाले असल्यामुळे, कुत्रा कधी गाढ झोपतच नाही, तो केवळ डोळे मिटून धन्याच्या घराचा पहारा करीत असतो, ही समजूत आपल्याकडे वहिवाटीच्या हक्काने रूढ होऊन बसली आहे. सुभाषितकाराचे निरीक्षण खोटे नव्हते. प्रौढ कुत्रा दिवसरात्र मिळून साधारणतः १० ते १२ तास झोपत असला, तरी ती झोप लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते आणि फाटकाची कडी वाजताच तो मान वर करतो. परंतु त्या तुकड्यांत गाढ निद्रेचाही वाटा असतो, आणि जिला स्वप्ननिद्रा म्हणतात तिचाही.

झोपेत पाय झाडणारा, ओठ थरथरवणारा, दबक्या आवाजात भुंकणारा कुत्रा पाहून घरातील वडीलधाऱ्यांना बाहेरच्या बाधेची शंका येते आणि तरुणांना फिट आल्याची. वस्तुतः १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसाच्या झोपेतील ज्या अवस्थेची नोंद केली, ज्या अवस्थेत मिटल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात, तीच अवस्था पुढे इतर सस्तन प्राण्यांतही आढळली. फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झूव्हे यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, या काळात मेंदूच्या देठातील एक केंद्र शरीराचे स्नायू शिथिल करून ठेवते, आणि तेवढेच निकामी केले असता झोपलेले मांजर उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागते. कुत्र्याची थरथर ही त्या बंदोबस्तातून निसटलेली हालचाल होय. त्याला स्वप्नात नेमके काय दिसते याचा दाखला कोणी देऊ शकत नाही. फिट मात्र निराळी असते: तीत अंग ताठ होऊन सर्वांगाला झटके बसतात, लघवी सुटू शकते, हाक मारून जाग येत नाही, आणि शुद्धीवर आल्यानंतरही काही वेळ प्राणी भांबावलेला राहतो. स्वप्नात असलेल्याला हलवून उठवू नये. दचकून घेतलेल्या चाव्याचा दोष त्याच्या स्वभावाला लावणे अन्यायाचे होईल. उठवायचेच असेल तर दुरून नाव घेऊन हाक मारावी.

निजण्यापूर्वी गोल गोल फिरून सतरंजी उकरण्याच्या सवयीला कोणी खोडी म्हणतो, कोणी वेडाचार. डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या भावाविष्कारविषयक ग्रंथात तिची दखल घेऊन, गवत तुडवून खळगा करणाऱ्या रानटी पूर्वजांचा हा वारसा असावा असे अनुमान मांडले, आणि त्याहून पटण्याजोगे स्पष्टीकरण अद्याप कोणी पुढे ठेवल्याचे आढळत नाही. एरवी दोन फेऱ्यांत निजणारा कुत्रा वारंवार फिरून, बसता बसता पुन्हा उठू लागला, तर मात्र डार्विनला सोडून सांध्यांची तपासणी करावी.

सर्वांत हट्टी गैरसमज सत्तेचा आहे. कुत्र्याला अंथरुणात घेतले की तो स्वतःला घराचा मालक समजू लागतो, असा इशारा आजही अनेक प्रशिक्षक देतात. या मताचे मूळ दस्तऐवज पाहू गेल्यास ते बाझल येथील प्राणिसंग्रहालयात सापडतात, जेथे रूडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली त्यांच्यातील श्रेष्ठत्वाच्या झगड्याचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ती कल्पना घरोघरी पोहोचवली. आणि त्याच मेक यांनी, कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा सहवास अनेक उन्हाळे अनुभवल्यानंतर, १९९९ साली स्पष्ट लिहिले की, रानातील कळप हे बहुधा आईबाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, गादीसाठी चाललेली लढाई नव्हे. आपला मोती पलंगावर चढतो तो ऊब, मऊपणा आणि परिचित गंध यांच्या ओढीने. उतरताना गुरगुरत असेल तर त्याला उतरण्याचे शिक्षण द्यावे, त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवू नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ साली ४० निरोगी प्रौढांवर केलेल्या पाहणीत, कुत्रा खोलीत असताना माणसाच्या झोपेची कार्यक्षमता (अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा) सरासरी ८३ टक्के आणि तो अंथरुणातच असताना ८० टक्के भरली. तेव्हा प्रश्न उरतो तो फार तर धन्याच्या झोपेचा.

पोट वर करून निजणे ही शरणागती, असेही म्हणतात. जागेपणी तसा अर्थ कधी असू शकेल. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र विरळ केसांचे पोट थंड होऊ देणे एवढाच त्याचा हेतू. थंडीत तोच प्राणी वेटोळे करून नाक शेपटीखाली घालतो.

ज्या सवयीचे कौतुक सर्वांत अधिक होते तीच क्वचित सर्वांत चिंताजनक असते. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग जातीचा कुत्रा मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरला, आणि त्याच्या घोरण्याला लाडिक लकब मानण्याची प्रथा पडली. चपट्या तोंडाच्या या जातींत कवटी आखूड झाली तरी टाळूचे मांस त्या प्रमाणात घटलेले नसते, त्यामुळे श्वासमार्ग कोंदतो. सबब असा कुत्रा हनुवटी उशीवर टेकवून, बसल्या बसल्या किंवा तोंडात खेळणे धरून झोपू लागतो, कारण तोंड उघडे राहिले की हवा मिळते. मालक त्याचे छायाचित्र काढतो. पाहिजे असतो तो पशुवैद्य.

चादरीचा कोपरा चोखत निजणाऱ्यांबद्दल, आईपासून अकाली तोडल्याचाच हा परिणाम, असा निकाल सर्रास दिला जातो. डोबरमन जातीत, जेथे कुत्रा स्वतःची कूसही चोखतो, तेथे २०१० साली संशोधकांना या सवयीचा संबंध सातव्या गुणसूत्रावरील एका भागाशी आढळला. म्हणजे तेथे तरी आनुवंशिकतेचाही हात आहे. दोरे गिळले जाऊन आतड्यात अडकणार नाहीत, एवढी दक्षता घ्यावी.

रात्री कुत्रा रडला की यमदूत दिसला, हे तर आपल्याकडे न विचारताच मान्य होते. तो हेल दूरवर पोहोचणारी हाक असते. एकाने दिली की इतर साद देतात, आणि रुग्णवाहिकेच्या भोंग्यालाही देतात. ज्या गल्लीत मध्यरात्री रुग्णवाहिका येते, त्या गल्लीत कुत्री रडतात आणि कधी कधी माणूसही दगावतो. श्रद्धेला आयता पुरावा मिळतो तो असा.

वृद्ध कुत्र्याने मात्र रात्रभर येरझारा घालाव्यात, कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहावे, दिवसा झोपून रात्री विव्हळावे, तेव्हा त्याला भूत दिसते असे किंवा वय झाले असे म्हणून विषय मिटवू नये. माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखा मेंदूचा ऱ्हास कुत्र्यांतही होतो. त्याखेरीज सांध्यांची वेदना, मंद झालेली दृष्टी किंवा मूत्रपिंडाचा विकार यांमुळेही झोप मोडते, आणि यांतील बहुतेकांवर काही ना काही तजवीज करता येते. दवाखान्याच्या टेबलावर तोच कुत्रा भयाने एकदम तरतरीत दिसतो आणि डॉक्टरांना रात्रीची अवस्था कळत नाही. म्हणून मोबाइलवर रात्रीच चित्रण करून ते सोबत न्यावे.