विश्लेषण : पाळी पुढे ढकलणारी गोळी शरीरात नेमके काय करते?

गौरी-गणपती जवळ आले, की औषधांच्या दुकानात एका गोळीची विचारणा वाढते. नाव फारसे कुणी घेत नाही. ‘ती पाळी पुढे जायची गोळी द्या,’ एवढे म्हटले की दुकानदाराला कळते. ही गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची ही गोळी अनेकदा जावेच्या किंवा शेजारणीच्या सल्ल्यावर घेतली जाते. पाळीत पूजा करावी की नाही, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. गोळी पोटात गेल्यावर काय होते, हा मात्र शरीरशास्त्राचा.

पाळी येते कशामुळे?

पाळीची सूत्रे गर्भाशयाकडे नसतात, ती मेंदूतून हलतात. हायपोथॅलॅमसकडून संदेश मिळाला, की वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांच्यामुळे बीजांडकोशात बीज असलेली एक सूक्ष्म पिशवी वाढू लागते. ती इस्ट्रोजेन तयार करते आणि गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढून टिकले, की एलएच एकदम उसळते आणि साधारण 36 तासांत बीज बाहेर पडते.

खरी गोष्ट यानंतरची आहे. रिकामी झालेली पिशवी वाया जात नाही. तिचा पिवळसर गोळा होतो, त्याला पीतपिंड म्हणतात. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि हे संप्रेरक अस्तर धरून ठेवते. गर्भ राहिला, तर गर्भाकडून येणारे एचसीजी पीतपिंडाला जगवते. नाही राहिला, तर साधारण 14 दिवसांत पीतपिंड विरतो. प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तराच्या रक्तवाहिन्या आखडतात, अस्तर सुटते आणि पाळी येते.

गोळी कुठे हात घालते?

नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम संप्रेरक. 1951 मध्ये मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झाले. कार्ल जेरासी यांच्या चमूतील लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते बनवले. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतले, तर त्यातले बहुतेक यकृतातच मोडते. हे टिकते.

पीतपिंड विरत असला, तरी गोळीमुळे अस्तराला आधार मिळत राहतो. म्हणूनच ‘रक्त आत साठते आणि सडते’ ही समजूत चुकीची आहे. अस्तर सुटलेलेच नसते, तर साठणार काय?

वेळेचे गणितही यातूनच उलगडते. सहसा 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करतात. आवाहनाच्या सकाळी पोट दुखू लागल्यावर घेतलेली पहिली गोळी बहुधा उपयोगी पडत नाही, कारण तोवर अस्तर सुटायला लागलेले असते. पाळी अनियमित असेल, तर तारखेचा अंदाजच चुकतो.

कुणी घेऊ नये?

ज्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, तो हा. शरीरात नॉरएथिस्टेरॉनच्या थोड्या भागाचे एथिनिल एस्ट्राडिओल होते, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेन. रोजच्या 10 ते 20 मिलिग्रॅमच्या मात्रेतून ते साधारण 20 ते 30 मायक्रोग्रॅम मिळते, म्हणजे एका गर्भनिरोधक गोळीइतके. त्यामुळे पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. बहुतेक निरोगी स्त्रियांना चार-आठ दिवसांत काही होत नाही, हेही खरे. पण पूर्वी गुठळी झालेली असेल, घरात तसा इतिहास असेल, वजन फार असेल, धूम्रपान असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवे. स्तनाचा कर्करोग, यकृताचा आजार आणि कारण न कळलेला रक्तस्राव असताना ही गोळी देत नाहीत. गोळी सुरू असताना एका पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर विसर्जनापर्यंत थांबू नये.

आणखी एक गैरसमज. अशी थोडे दिवस घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरता येत नाही. गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त जाते. आठवडा उलटूनही आली नाही, तर आधी गर्भधारणेची चाचणी करून घ्यावी.