साखर वास कसा धरून ठेवते? घरच्या घरी सुगंधी साखर

वेलदोडे कुटताना त्यात चमचाभर साखर टाकायची सवय बऱ्याच घरांत असते. साखरेच्या टोकदार कणांमुळे दाणे लवकर बारीक होतात, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं: दाणे फुटताना सुटणारं सुगंधी तेल खलबत्त्याला चिकटून वाया जाण्याऐवजी साखरेवर बसतं. सुगंधी साखर म्हणजे हीच युक्ती, जरा मोठ्या प्रमाणावर.

मसाल्यांचा आणि फळांच्या सालींचा वास त्यांतल्या तेलांचा असतो आणि ही तेलं हवेत सहज उडून जातात. साखर त्यांना विरघळवत नाही, फक्त अंगावर वागवते. म्हणून इथे निम्मं काम बरणीचं असतं. सैल झाकणाच्या डब्यात वास टिकत नाही. घट्ट झाकणाची काचेची बरणी हवी.

वेलचीची साखर सगळ्यांत सोपी. १०० ग्रॅम साखरेला ८-१० वेलदोड्यांचे दाणे घेऊन मिक्सरमधून काढायचे. उरलेली सालं चहाच्या साखरेत टाकून ठेवा. व्हॅनिलाची शेंग परवडत असेल तर तीही अशीच: उभी चिरून बिया खरवडायच्या आणि शेंगेसकट दोन वाट्या साखरेत पुरून ठेवायची. दोनेक आठवड्यांत वास मुरतो. बाटलीतला इसेन्स मात्र पातळ असतो, त्याने साखर ओली होऊन तिचा गोळा होतो.

लिंबाच्या साखरेत जरा लक्ष घालावं लागतं. दोन-तीन लिंबं धुऊन, पुसून कोरडी करा आणि बारीक किसणीवर फक्त वरची पिवळी साल किसा. खालचा पांढरा भाग कडू असतो. हा कीस वाटीभर साखरेत बोटांनी चोळला, की साखर ओल्या वाळूसारखी होते. त्या ओलीत सालीचं तेलही असतं आणि पाणीही. तेल आपल्याला हवंय, पाणी नको. त्यामुळे साखर ताटात पातळ पसरून सावलीत सुकवायची, मधूनमधून हाताने मोकळी करायची. कडक उन्हात ठेवली तर पाण्याबरोबर वासही जातो. आणि रस घालायचा मोह टाळा, त्याने पाकच होईल.

हे सुकवणं इतकं महत्त्वाचं का? साखर स्वतः सहसा नासत नाही, कारण ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि बुरशीला वाढायला पाणी उरत नाही. गुलकंद याच जोरावर टिकतो. पाकळ्या ओल्या असल्या तरी साखर भरपूर असते. पण सालीचा ओला तुकडा बरणीत राहिला, तर तिथली साखर विरघळून पातळ होते आणि तेवढ्या जागी बुरशीला वाव मिळतो. तसा डाग दिसला तर वरवरचा काढून बाकीची वापरू नका, सगळी टाकून द्या.

गुलाबाची साखर करायची तर पाकळ्या कुरकुरीत वाळवून मगच साखरेबरोबर वाटा. गुलाब वासाचा आणि खाण्याजोगा हवा, म्हणजे घरच्या कुंडीतला, फवारणी न केलेला. गुच्छातली फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात.

केशराच्या साखरेने काहींचा विरस होतो, कारण ती फिकट दिसते. केशराचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, कोरड्या साखरेत तो फारसा उतरत नाही. काड्या किंचित कोमट करून साखरेबरोबर खलल्या, की बारीक पूड होते आणि दुधात पडताच रंग सुटतो. महागाचं केशर पुरवून वापरायला ही रीत फार उपयोगी.

पावसाळ्यात मात्र थोडी थोडीच करा. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली, की साखर हवेतूनच पाणी ओढू लागते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे नेहमीचंच. पिठीसाखरेचे कण बारीक, त्यामुळे तिच्या गुठळ्या आधी होतात; विकतच्या पिठीसाखरेत म्हणून बरेचदा कॉर्नफ्लोअर असतं. घरी दाणेदार साखरच सुगंधी करावी आणि लागेल तेव्हा दळावी.

वापरताना ती उकळत्या पदार्थात आधीपासून घालू नका, वास वाफेबरोबर निघून जातो. बासुंदीत बहुतेक गोडी साध्या साखरेने आणायची आणि शेवटचे दोन चमचे गॅस बंद केल्यावर या बरणीतले.